दुसरं हेल्मेट

आमच्या गावात पहिलं हेल्मेट आलं ते मला बघायला. त्याच्या आत मुलगा होता हे खरं, पण गावानं आधी पाहिलं ते हेल्मेटच, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं आमच्या आळीतल्या बाया माझ्या नवऱ्याला 'शकूचा मडकेवाला' म्हणत राहिल्या. विलास त्याचं नाव. चारचौघांत मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथं लिहिताना 'तो'च म्हणणार आहे, कारण त्या दिवशी तो माझा कुणीच नव्हता आणि पुढं कुणी होईल याची तर मुळीच खात्री नव्हती.

भिवंडीहून दापोड्याकडं जाताना एका फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. आता तिथं गोदामांच्या भिंतींमधून घराचा रस्ता शोधावा लागतो. तेव्हा सगळी भातखाचरं होती आणि कडेला एखाददुसरं पत्र्याचं शेड उभं राहायला लागलं होतं. घरात बाबा, आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती आमच्याकडं आली आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार तिनं हातात घेतला. दावणीला पाच म्हशी होत्या. बाबा रोज दोन वेळा फटफटीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून निजामपुऱ्यातल्या चहाच्या हॉटेलांना दूध घालायला जायचे. जाताना भरल्या किटल्या गप्प असायच्या, येताना रिकाम्या किटल्या फाट्यापासून खणखणत यायच्या. आई त्या आवाजाची वाट बघायची. हातात काहीही असो, भाकरीचं पीठ, सुकटीची चटणी, सोलायच्या वालाच्या शेंगा, साडेअकराच्या सुमारास तिचा हात हळू व्हायचा. आवाज आला की पुन्हा पहिल्यासारखा चालायचा. उशीर झाला की ती दारात येऊन सूप झटकायची, आणि सुपात काही नसायचं. मला वाटायचं, ही आईची एक सवयच आहे.

बाबांच्या डोक्यावर पांढरा टॉवेल असायचा, उन्हासाठी. हेल्मेटबद्दल त्यांची मतं पक्की होती, आणि त्यांनी ती ज्या माणसाला ऐकवली नाहीत असा माणूस पंचक्रोशीत नसेल. त्यानं कान बंद होतात, मागून ट्रक आलेला कळत नाही. केस गळतात. मान आखडते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे माणूस ओळखू येत नाही. आमच्याकडं रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची आणि जाणाऱ्यानं ओ द्यायची हा नियमच होता. 'कुठं चाललास?' 'हा जरा भिवंडीला.' एवढंच बोलणं, पण ते झालं नाही तर माणूस माजला असं ठरायचं. निजामपुऱ्यातला एक हॉटेलवाला बाबांना नेहमी म्हणायचा, "चाचा, सर पे कुछ डाला करो." बाबा म्हणायचे, "अरे, हम दूध को संभालता है, सर अपनेआप संभलता है." ते दोनदा पडले होते. एकदा कुत्रं आडवं आलं, एकदा वाळूवरून चाक सरकलं. दोन्ही वेळा घरी येऊन त्यांनी हळहळ केली ती सांडलेल्या दुधाची. भुवईवरची खोक मात्र ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे.

इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच पोटात गोळा घेऊन बसेल. बाबा चांगले म्हातारे होऊन, अंथरुणात, सगळ्यांच्या देखत गेले. जन्मात त्यांनी हेल्मेट घातलं नाही, आणि शेवटच्या आजारपणातसुद्धा जावयाला, "बघ, काय झालं का मला?" असं विचारायला ते विसरले नाहीत. माझ्या चुलतबहिणींच्या मुलांचं आज वेगळं आहे. त्यांच्याकडं हेल्मेट असतं, पण कोपरात अडकवलेलं. नाक्यावर पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं, पोलीस मागं पडला की पुन्हा कोपरात. मी एकाला म्हटलं, "बाबा रे, तुझा कोपर फार हुशार दिसतो, त्याला जपतोस." तो हसला, म्हणाला, "मावशी, गर्मी होते गं." भिवंडीत गरमी होते हे खरंच आहे.

तर बघायचा कार्यक्रम. मुलगा भिवंडीत एका शाळेत क्लार्क, वडील पॉवरलूममध्ये जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे. त्यांची शिफ्ट होती म्हणून ते येणार नव्हते, मुलगा आणि आई दोघंच येणार होते. सकाळपासून घरात शिऱ्याचा वास होता. आईनं पोह्यांना ओलं खोबरं जरा जास्तच खवलं होतं. आत्यानं माझ्या केसांना एवढं तेल चोपडलं की दिव्याची वात लावली असती तर पेटली असती. दहाच्या सुमारास फटफटीचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ गावातल्या एका म्हाताऱ्याचा. तो अंगणातून बाबांना म्हणाला, "पाव्हणा आला बघ तुझा. पाच जणांनी हाक मारली रस्त्याला, एकाला वळून बघितलं न्हाय. डोस्क्यावर काळं मडकं हाय."

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. काळं, चकाकणारं हेल्मेट घातलेला एक उंच माणूस गाडी लावत होता. त्यानं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, केस हातानं सारखे केले आणि सगळ्यांना नमस्कार केला. चेहरा चांगला होता. गाडीच्या मागच्या हुकाला आणखी एक हेल्मेट टांगलेलं होतं, लहानसं, लाल रंगाचं. दहाएक मिनिटांनी त्याची आई चालत आली, नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, पायांवर फाट्यापासूनची धूळ. "मी यष्टीनं आले," असं तिनं कुणी विचारायच्या आत सांगितलं. पाहुण्यांची वस्तू बाहेर ठेवायची नाही म्हणून माझ्या आईनं दोन्ही हेल्मेटं उचलून आत आणली आणि तांदळाच्या पिंपावर ठेवली.

बाहेर बोलणी सुरू झाली. शेती किती, शाळा कुठली, वगैरे. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दाराआड उभी होते. बाबांना राहवेना. ते म्हणाले, "पोरा, एक इचारतो. ह्ये मडकं कशाला घालतोस?"

मला वाटलं, तो सांगेल की मुंबईला घालतात, किंवा शाळेत साहेबानं सांगितलंय. तो म्हणाला, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"पडायची. डोक्याला लागायची. गाडीवर बसलो की वाटतेच."

बाहेर हशा पिकला. बाबा मांडीवर थाप मारून हसले, तो म्हातारा खोकेपर्यंत हसला. माझ्या मागं चुलीपाशी आई मात्र हसली नाही. तिनं हातातला झारा खाली ठेवला आणि दाराकडं बघत राहिली. आणि मी? मला हसू आलं नाही, उलट तो माणूस मला एकदम आवडला. आमच्या गावात पुरुष विहिरीत उडी मारताना घाबरत नव्हते, नागाला घाबरत नव्हते, ट्रकला घाबरत नव्हते. निदान तसं म्हणायचे तरी. आणि हा मुलगी बघायला आलेला माणूस, मुलीच्या बापासमोर, एवढं सरळ बोलून गेला आणि वर पोहे खायला लागला. मी मनाशी ठरवून टाकलं की हाच.

माझं ठरेपर्यंत आत्याचं वेगळंच ठरलं होतं. ती पिंपापाशी लाल हेल्मेट उलटं करून त्यात बोट फिरवत होती. तिनं मला हात धरून जवळ ओढलं. आतल्या स्पंजला केसांना लावायचा एक काळा आकडा अडकला होता आणि कडेला एक मरून टिकली चिकटलेली होती. आत्यानं ते हेल्मेट तसंच उचललं आणि बाहेर नेऊन सतरंजीच्या मधोमध ठेवलं.

"ह्ये दुसरं कुणाचं?" तिनं विचारलं.

विलासनं आईकडं बघितलं. त्याची आई पोह्यांतली मिरची बाजूला काढण्यात गुंतली होती. "घरातलंच आहे," तो म्हणाला.

"घरात बाय माणूस कोण?"

"आई."

"आई यष्टीनं आली," आत्या म्हणाली. "मंग ही टिकली कुणाची, हा आकडा कुणाचा?"

त्याचे कान लाल झाले. त्याची आई तर मान वर करीना. आत्यानं बाबांकडं बघितलं, बाबांनी त्या म्हाताऱ्याकडं, आणि न बोलताच सगळ्यांना सगळं कळलं. कळलं म्हणजे काय, पोराला दुसरी कुणीतरी आहे, तिला मागं बसवून तो भिवंडीभर फिरतो, आणि कुणी ओळखू नये म्हणून दोघं डोकी झाकतात. आज हे लिहिताना हसू येतं. ती टिकली सरळ सरळ त्याच्या आईच्या कपाळावरच्या टिकलीसारखी होती, आमच्यासमोर दीड हातावर. पण पन्नाशीची, नऊवारी नेसलेली बाई हेल्मेट घालते असं आमच्यापैकी कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. जी गोष्ट सुचतच नाही ती दिसत पण नाही. संध्याकाळपर्यंत बाबांनी निरोप धाडला की योग नाही.

त्यानंतरचे दिवस मी फार वाईट काढले. रडले नाही, पण भाकऱ्या करपवल्या. बाबांनी लगेच दुसरं स्थळ काढलं, पलीकडच्या गावातलं. तो मुलगा दोन्ही हात सोडून फटफटी चालवायचा आणि बाबांना त्याचं भारी कौतुक होतं. येत्या रविवारनंतर त्याच्या घरी सुपारी फोडायची असं चाललं होतं. एकदा सुपारी फुटली की मग माझ्या म्हणण्याला काही अर्थ उरणार नव्हता, आणि मी तर अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. काय सांगणार होते? की मला भिणारा नवरा पाहिजे?

त्या रविवारी आत्याचे गुडघे धरले आणि तिनं मला वज्रेश्वरीला नेलं. देवीचं दर्शन झालं की ती गरम पाण्याच्या कुंडात तासभर बसायची. आम्ही बायकांच्या बाजूला गेलो. पाण्यावर वाफ होती, गंधकाचा वास होता, पाचसहा बाया गळ्यापर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत होत्या. आत्या हुश्श करत उतरली. मी पायरीवर बसले. आणि माझ्या शेजारी, कुणाच्या तरी कापडी पिशवीतून, कोरड्या लुगड्याच्या घडीवर, लाल हेल्मेट बाहेर डोकावत होतं.

मी आत्याला खूण करायच्या आत आत्यालाच ते दिसलं. तिनं पाण्यात चारी बाजूंना बघितलं. कोपऱ्यात विलासची आई होती. तिनंही आम्हाला बघितलं होतं, आणि ती हळूहळू हनुवटीपर्यंत खाली जात होती. पण पाण्यात माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं?

आत्या पाण्यातूनच तिच्याजवळ सरकली. "ह्ये कुणाचं?"

"माझं," ती बारीक आवाजात म्हणाली.

"मंग त्या दिवशी दातखीळ बसली व्हती काय तुमची?"

"काय सांगू, बाय. लाज वाटली. गुडघ्याला शेक पायजे म्हणून दर रविवारी हिथं येते त्याच्या गाडीवर. तो बोलतो, ह्ये घातल्याबिगर मागं बसायचं न्हाय. घालते. पर सोयरीक करायला जायचं नि डोस्क्यावर ह्ये? तुमची माणसं बोलली असती, सासूच अशी येडी, तर पोरीचं काय व्हईल. म्हणून फाट्यावर उतरले, पदर घेतला नि चालत आले. विलासला शपथ घातली, माझं नाव काढायचं न्हाय."

"तुमच्या शपथेपायी पोराचं जमलेलं मोडलं की."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "किती दिवस झाले, 'जेवलीस का' याच्याबिगर बोलत न्हाय तो माझ्याशी. शपथ मोड बोलले, तर बोलतो, आता मोडून काय उपयोग."

आत्या जी हसायला लागली, की पलीकडच्या बाया सुद्धा कारण न कळता हसायला लागल्या. हसता हसता विलासची आई पण त्यात सामील झाली. मग आत्यानं हात लांब केला. "बघू, आण गं शकू ते." ओल्या केसांवर तिनं हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढून गळाभर पाण्यात बसून राहिली. आतून म्हणाली, "बरं हाय की. भावाची बडबड ऐकू यायची न्हाय."

विलासच्या आईनं तेवढ्यात माझ्याकडं बघितलं. "पोरी, तुला काय वाटलं व्हतं त्या दिवशी? खरं सांग."

"मला तेच पाहिजेत," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या बायांसमोर इतकं धिटाईनं मी पुन्हा कधी बोलले नाही. पाण्याच्या वाफेनं सोपं झालं असावं.

घरी आल्यावर आत्यानं बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हशींना पेंढा टाकत होते. ऐकून ते आधी हसले, पण लगेच त्यांनी मान हलवली. "बरं, दुसरी बाय न्हाय, कबूल. पर पोरगा भित्रा तो भित्राच. असल्याच्या गळ्यात पोर बांधू? लोक हसतील मला."

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही सगळ्यांनी त्याला नाही नाही ते ठरवलं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. आईची लाज राखायला गप्प बसला. असा माणूस भित्रा कसा?"

बाबा काही बोलणार तोच आई ओसरीवर आली. माझी आई बाबांसमोर मोठ्यानं कधी बोलायची नाही, त्या दिवशीही मोठ्यानं बोलली नाही. म्हणाली, "मी भिते रोज. दुपारी तुम्ही येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. वीस वरसं झाली. कुणाला बोलले न्हाय, कारण तुम्ही हसाल. तो पोरगा बोलला नि तुम्ही हसलातच."

बाबांच्या हातात पेंढ्याची पेंडी तशीच राहिली. रिकामं सूप घेऊन दारात येणारी आई मला तेव्हा कळली, आणि इतकी वर्षं कळली नव्हती याची शरम वाटली. बाबा ती पेंडी घेऊन गोठ्यात गेले. रात्री जेवताना त्यांनी आईला दोनदा, भाकरी मऊ झालीय, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर ते घरी यायच्या ऐवजी विलासच्या घरी गेले, सोयरीक नक्की केली आणि पेढे घेऊन आले. हात सोडून गाडी चालवणाऱ्याच्या घरी काय निरोप गेला ते मला माहीत नाही. त्याचंही लग्न पुढं चांगलं झालं आणि तो दोन्ही हातांनी गाडी चालवायला लागला असं ऐकलं.

आमचं लग्न अंगणात मांडव घालून झालं. हळदीला आत्या इतकी नाचली की गुडघे पुन्हा वज्रेश्वरीला न्यावे लागले. पाचव्या दिवशी माहेरी जाऊन परत निघायचं, त्याला आमच्याकडं पाचपरतावण म्हणतात. त्या दिवशी आम्ही दोघं फटफटीवरून आलो होतो आणि माहेराहून सरळ वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला जाणार होतो. सासूबाईंनी लाल हेल्मेट मला दिलं होतं आणि स्वतःसाठी नवीन, निळं मागवलं होतं. निघायच्या वेळी सगळी आळी बघायला जमली. पोरं, म्हाताऱ्या, तो हाक मारणारा म्हातारा. वेणीवर हेल्मेट बसेना, म्हणून अबोलीची वेणी काढून मी आईच्या हातात दिली आणि ते डोक्यावर चढवलं. आळी हसली. मीही हसले, पण पट्टा काही लागेना.

बाबा गर्दीतून पुढं आले. ते आता काहीतरी बोलतील आणि सगळे आणखी हसतील, असं मला वाटलं. त्यांनी पट्टा हातात घेतला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा लावला, आणि म्हशीच्या गळ्यातलं दावं बघावं तशी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घालून तो आवळलाय की ढिला हे बघितलं. मग विलासला म्हणाले, "फाट्यापोत्तर रस्ता लय खराब हाय. खड्डे मला म्हाईत हायत. मी पुढं चालतो, तू मागनं ये."

त्यांनी फटफटी काढली आणि निघाले. डोक्यावर नेहमीचा टॉवेल. इतकी हळू गाडी चालवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. खड्डा आला की ते उजवा किंवा डावा पाय बाहेर काढून दाखवायचे, आणि विलास तिथून गाडी वळवायचा. फाटा आला. मला वाटलं आता ते थांबतील, हात करतील, परत फिरतील. ते थांबले नाहीत, मागं वळूनही बघितलं नाही. भिवंडी आली, भिवंडीची गर्दी मागं पडली, पुढच्या रस्त्यावर खड्डे उरले नाहीत, तरी ते पुढं होतेच, आणि खड्डा नसला तरी मधूनच एक पाय बाहेर काढत होते. वज्रेश्वरीच्या पायऱ्यांपर्यंत. त्या दिवशीचं संध्याकाळचं दूध आईनं एकटीनं काढलं.